गुलाबचा डावा हात

ही गोष्ट मी आजवर तोंडाबाहेर काढलेली नाही. बायकोलाही सांगितलेली नाही, आणि तिच्यापासून तर माझ्या खिशातली सुपारीसुद्धा लपत नाही. देवापुढे उभा राहिलो की मनातल्या मनात काहीतरी पुटपुटतो आणि पुढे सरकतो — म्हटलं, त्याला ठाऊकच असणार, उगाळायचं कशाला? तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही गुलाबला ओळखत नाही. तुम्ही त्याला उद्या सचिन गावच्या नाक्यावर गाठून, "अरे, तो सुभाष काय सांगत होता माहितीय का," असं म्हणणार नाही. बघा, सुरुवातच भित्रेपणाने झाली. पण खोटं सांगण्यापेक्षा हे बरं.

मी सुरतेत राहतो, उधन्याला. मूळ गाव शिरपूरकडे. वडील इथे लूमवर कामाला आले आणि इथलेच झाले. कामरेजच्या अलीकडे एक गोल्फचं मैदान आहे, तिथे मी शिकवतो. हसा, हसा — लूमवाल्याचा मुलगा आणि गोल्फ. माझ्या सासऱ्यांना अजून वाटतं की मी तिथे गवताला पाणी घालतो. पण तुम्हाला एक सांगू? त्या मैदानावर शेठ लोकांच्या बॅगा खांद्यावर घेऊन हिंडणारे — कॅडी म्हणतात त्यांना — निम्मे तरी आपले खान्देशी आहेत. मीही त्यातलाच होतो. आता बॅग उचलत नाही. मैदानाच्या खर्चाने आलेली टोपी घालतो, शिकवतो, आणि लोकांना पटर निवडून देतो.

पटर म्हणजे काय, ते सांगायला हवं. गोल्फमध्ये लांब मारायच्या काठ्या वेगळ्या असतात. बॉल एकदा हिरवळीवर, म्हणजे ग्रीनवर, आला की तो हळूच घरंगळवत होलात, म्हणजे खळग्यात, घालायचा, त्याची काठी म्हणजे पटर. सगळी बॅग एकीकडे आणि ही एक काठी एकीकडे. लांब मारणारे पुष्कळ असतात. डाव इथे जातो. आणि शेठ लोक ही काठी कशी निवडतात? चकाकी बघून. दुबईहून मेहुण्याने आणली म्हणून. मग चार महिने हरतात आणि माझ्याकडे येतात — "सुभाषभाई, तमे जोई आपो." तुम्हीच बघून द्या.

मी बघतो. आधी माणसाला नुसतं उभं करतो, हात मोकळे सोडायला लावतो, ते कुठवर लोंबतात त्यावरून काठीची लांबी ठरवतो. वाकल्यावर डोळे बॉलच्या बरोबर वर येतात का, ते बघतो. मनगट फार हलणाऱ्याला जड डोक्याचा पटर देतो, स्थिर हाताच्या माणसाला पातळ पात्याचा. हे सगळे करतात. पण माझी एक खोड आहे, ती दुसऱ्या कुणाला नाही. बोलता बोलता, त्यांचं लक्ष नसताना, मी काठी पुढे करतो — आणि कोणता हात आधी पुढे येतो ते बघतो.

लोकांना वाटतं, ही माझी काहीतरी विद्या आहे. एका शेठने तर चारचौघांत सांगितलं की पटर निवडण्यात सुभाषचा हात धरणारा सुरतेत कुणी नाही. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, लाजला. अहो, लाजलोच होतो, पण कशाला ते त्यांना कुठे ठाऊक? मी आयुष्यात ज्याला पहिला पटर निवडून दिला, त्याला मी जाणूनबुजून चुकीचा दिला होता.

तो गुलाब. आमच्याच गल्लीतला, माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान. त्याला मैदानावर मीच नेलं. त्याच्या आईने हाताला धरून माझ्याकडे आणला होता. दहावीनंतर घरी बसलाय, तुझ्यासंगे ने, म्हणाली. शांत पोरगा. हसला की आधी खाली बघायचा, मग हसायचा. मला दादा म्हणायचा, आणि नुसतं म्हणायचा नाही, मानायचा. बसमध्ये एक जागा मिळाली तर मी बसायचं, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. आणि मी बसायचो. कधी 'तू बस' म्हटल्याचं आठवत नाही.

गुलाब जन्माचा डावरा. पण आपल्याकडे कुठे चालतं ते? डाव्या हाताने प्रसाद घ्यायचा नाही, डाव्या हाताने वाढायचं नाही. त्याची आई जेवताना त्याला डावा हात मांडीखाली दाबून बसायला लावायची. मी पाहिलंय — पोरगा एका बाजूला कललेला, उजव्या हाताने भाकरी मोडतोय. पुढे सवय झाली. लिहायचा उजव्याने, जेवायचा उजव्याने. पण कुत्र्याला दगड भिरकावायची वेळ आली, कुणी अचानक काही फेकलं, की डावा हात आपोआप पुढे यायचा. मग तोच दचकून इकडेतिकडे बघायचा, कुणी पाहिलं तर नाही ना.

सोमवारी मैदान शेठ लोकांना बंद असतं. गवत कापायचा, पाणी सोडायचा दिवस. त्या दिवशी कॅडींना खेळायला मुभा होती, अजून आहे. काठ्या कुठून आणायच्या? शेठ लोकांनी टाकून दिलेल्या. कुणाची मूठ फाटलेली, कुणाची दांडी वाकलेली, सगळा भंगार माल शेडच्या कोपऱ्यात उभा असायचा. आणि सगळा उजव्या हाताचा. डाव्या हाताच्या काठ्या वेगळ्या असतात, त्यांचं पातं उलट्या बाजूला असतं. आमच्या मैदानावर डावरा शेठ एकही नव्हता, म्हणून टाकलेली डावी काठीही नव्हती. गुलाब उजव्या हाताने खेळायला शिकला. लांब मारायला तर उत्तम शिकला, माझ्याहून वीस पावलं पुढे टाकायचा. फक्त ग्रीनवर आला की सगळं बिघडायचं. तिथे जोर लागत नाही ना. तिथे हाताला आतून जे येतं तेच बाहेर पडतं. आणि त्याच्या उजव्या हाताला आतून काहीच येत नव्हतं.

मला ते बरं वाटायचं. हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर पुढे गाळीन. तो ग्रीनवर चुकला की मी 'अरेरे' म्हणायचो आणि मला बरं वाटायचं.

मग तो पटर आला. कतारगामचे एक हिऱ्यांचे कारखानदार होते, गुलाब त्यांची बॅग उचलायचा. म्हातारा भला माणूस. नव्या वस्तूचा सोस, आठवड्यात कंटाळायचे. बाहेरदेशातून त्यांनी एक पटर आणला होता, त्याला दोन्ही बाजूंनी सारखं पातं. उजव्याने मारा, नाही तर डाव्याने. त्यांना तो जमला नाही. गुलाबला म्हणाले, तू राख. आणि त्या हिवाळ्यात ते मुलाकडे बेल्जियमला निघून गेले.

पुढच्या सोमवारी गुलाब तो घेऊन सरावाच्या ग्रीनवर गेला. मी शेडच्या दारात चहा पीत होतो. आधी तो नेहमीसारखा उभा राहिला, उजव्या बाजूने. दोन-तीन चुकले. मग त्याने इकडेतिकडे बघितलं — तेच, मांडीखालचा हात बाहेर काढावा तसं — आणि उलट्या बाजूने उभा राहिला. डावा हात खाली धरला. बॉल गेला. सरळ आत गेला. त्याने दुसरा ठेवला, तोही गेला. लांबून, उतारावरून, कडेच्या वळणावरून — बॉल जात राहिले. चेहऱ्यावर काही नाही, नुसता खाली बघत होता आणि ठेवत होता. मी खेळात इतकी वर्षं आहे, मोठमोठे लोक पाहिले, इतका हलका हात मी पुन्हा पाहिलेला नाही. त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं की आपल्याजवळ हे आहे. चहा माझ्या हातात थंड झाला.

मला काय वाटलं असेल, सांगा बरं? मी त्याचा दादा. मीच त्याला आणलेला. माझा ऊर भरून यायला हवा होता ना? मी चहा ओतून दिला आणि मनात दिवस मोजायला लागलो.

कारण त्या महिन्यात कॅडींची स्पर्धा होती. दरवर्षी असते, एका सोमवारी. जिंकणाऱ्याला शेठ लोक काहीबाही बक्षीस देतात, टाळ्या वाजवतात, संपलं. त्या वर्षी मात्र कोचसाहेबांनी जाहीर केलं होतं की जिंकेल त्याला ते हाताखाली घेणार. शिकवायला. कायमचं काम, बॅग उचलणं बंद. आणि ते काम माझं होतं — म्हणजे मी तसं धरूनच चाललो होतो. सगळ्यांत जुना मी, बारावी शिकलेला मी, इंग्रजी थोडंफार वाचणारा मी. कोचसाहेब बाहेरगावचे, कडक. त्यांच्याशी बोलायची कुणाची छाती नव्हती. खेळाचे नियम कॅडींना समजावून सांगायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं होतं. काही अडलं की सगळे म्हणायचे, सुभाषला विचारा. शेठला विचारायची तर पद्धतच नव्हती. शेठने विचारायचं आणि आम्ही सांगायचं, असा शिरस्ता.

तर गुलाबने मला विचारलं.

दुपारची वेळ होती. थंडीचे दिवस, पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, आलेला. शेडमागे बसून आम्ही शेव घालून पोंक खात होतो, आम्ही दोघंच. तो पटर त्याने मांडीवर आडवा धरला होता. बाकीचं सगळं उजव्या हाताने मारतो आणि एवढं ग्रीनवरचं डाव्याने, असं कुणाला करताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. म्हणून आधी खाली बघितलं, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, हाई चाली ना?"

हे चालेल ना — इतकंच. मला फक्त 'चाली' म्हणायचं होतं. दोन अक्षरं. खरंच चालतं. गोल्फमध्ये कोणता फटका कोणत्या हाताने मारायचा, याचं काही बंधन नाही. दोन तोंडांचा पटरही चालतो. मला हे पक्कं ठाऊक होतं. आठ दिवसांपूर्वी त्याला डाव्याने खेळताना पाहिलं, त्याच संध्याकाळी मी शोधून काढलं होतं — कुठेतरी मनाई असेल अशा आशेने शोधलं होतं. मनाई नव्हती.

मी म्हणालो, "चालाव नही, गुलाब."

आणि तेवढ्यावर थांबलो नाही. ज्या हाताने पहिला फटका मारला त्याच हाताने शेवटचा मारायचा, असा नियम आहे, म्हणालो. नाहीतर बाद करतात. किती नीटनेटका नियम केला, बघा! जागच्या जागी, तोंडात पोंक असताना. गुलाबने पटरकडे पाहिलं, त्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "नियमच शे तं काय करनं." नियमच आहे तर काय करणार. त्याला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही. डाव्या हाताला मनाई, हे त्याला नवीन कुठे होतं? आईने सांगितलं होतं, मास्तरांनी सांगितलं होतं, आता दादाने सांगितलं.

पुढचं ऐका. ते मला त्या खोट्यापेक्षाही जास्त टोचतं. मी म्हणालो, दे तो, मी ठेवतो, तुझ्यासाठी दुसरा बघू. आणि शेडमधल्या भंगारातून मी त्याला उजव्या हाताचा पटर निवडून द्यायला बसलो. मन लावून, हो. उभं केलं, हात सोडायला लावले, लांबी बघितली. एकाची दांडी थोडी कापली. मूठ जुनी होती, ती काढून माझ्या स्वतःच्या काठीची चांगली मूठ चढवली. हा का खटाटोप? मला वाटत होतं की यातून काहीतरी फिटेल. त्याच्या उजव्या हातासाठी त्याहून चांगला पटर त्या मैदानावर नव्हता — आणि त्या हाताला कोणताही पटर उपयोगाचा नाही, हे मला माहीत होतं. गुलाब गल्लीत सांगत सुटला, दादाने स्वतःची मूठ काढून मला दिली. त्याच्या आईने माझ्याकडे वरणबट्टीचा डबा पाठवला. मी खाल्ली. घशाखाली उतरली, अडकलीबिडकली काही नाही.

स्पर्धेच्या दिवशी शेवटच्या होलापर्यंत आम्ही बरोबरीत होतो. त्याने दिवसभर लांब मारून कमावलं आणि ग्रीनवर घालवलं. शेवटच्या ग्रीनवर माझा आत गेला. त्याचा राहिला होता — हातभर अंतर, सरळ. तो वाकला. मी पलीकडे उभा होतो, मला त्याची बोटं दिसत होती. उजव्या हाताची बोटं मुठीवर पुन्हा पुन्हा बसवत होता, चुकीच्या पायात बूट घातल्यावर माणूस करतो तसं. एकदा त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तेव्हा तरी मी म्हणायचं होतं की नाही? थांब गुलाब, माझं चुकलं, फिर, त्या बाजूने उभा राहा. अजून वेळ होता. मी दादासारखी मान हलवली — मार, मार. बॉल कडेला लागून बाहेर राहिला.

सगळ्यांत आधी मला मिठी मारली ती त्यानेच.

मला काम मिळालं. टोपी मिळाली. गुलाब त्या उन्हाळ्यापर्यंत बॅगा उचलत राहिला, पण सोमवारी खेळायचा बंद झाला. विचारलं तर म्हणायचा, दादा, माझा हातच या खेळाचा नाही. हसून म्हणायचा, कडवटपणा नाही काही. मग सचिनला एका डाइंग मिलमध्ये लागला. आता तिथेच आहे. बारा तासांची पाळी, उभ्याचं काम. नखांत रंग बसलेला असतो, कधी निळा, कधी लाल, आणि तळवे केमिकलने भेगाळलेले. तो हलका हात, तो. वाईट आहे असं तो म्हणत नाही. पगार वेळेवर होतो म्हणतो.

आणि माझं त्याचं काही तुटलं नाही. तुटलं असतं तर बरं झालं असतं. त्याच्या लग्नात वरमाळेच्या वेळी मी त्याच्यामागे उभा होतो. दर श्रावणात त्यांच्या घरी कानबाई बसते. आमच्याकडे तो मोठा सण. त्या दिवशी रोटाचं जेवण असतं आणि रोट फक्त भाऊबंदांत वाटतात, बाहेरच्याला देत नाहीत. गुलाब मला देतो. नात्याचा ना गोत्याचा, तरी पानावर बसवून देतो, आणि त्याची बायको डोक्यावर पदर घेऊन वाढते. मी जातो. का जातो? नाही गेलो तर विचारेल म्हणून. पानावर बसलो की दरवर्षी मनात येतं, आज सांगावं. मग कुणीतरी आणखी वाढतं, आणि मी नको-नको म्हणत जेवून उठतो. एकदाच, त्याची आई शेवटच्या आजारात असताना, मी तिच्या उशाशी बसून बोलायला लागलो होतो. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, गुलाबवर लक्ष ठेव, तो साधा आहे. मग काय बोलणार होतो?

इतकं होऊन हे माझ्याबरोबर संपलं असतं. पण गुलाबला मुलगी आहे. गायत्री, अकरा वर्षांची.

गेल्या वर्षीपासून मैदानावर सोमवारी सकाळी कॅडींच्या, माळ्यांच्या, जुन्या माणसांच्या मुलांना शिकवायचं ठरलं. मीच कोचसाहेबांच्या मागे लागून ठरवून घेतलं होतं, आणि गुलाबलाही मीच निरोप धाडला. चांगलं करत होतो, असं समजत होतो. तो रात्रपाळी करून, न झोपता, पोरीला घेऊन आला. सचिनहून कामरेजच्या अंगाला, दोन बस बदलून. पोरगी चुणचुणीत. आमच्याशी मराठी, बसमधल्या मैत्रिणीशी गुजराती, रागावली की हिंदी. बापाने तिला घरच्या गच्चीवर जुन्या काठीने उजव्या हाताने मारायला शिकवलं होतं, आणि बरं शिकवलं होतं.

मग आम्ही ग्रीनवर गेलो. मी माझ्या खोडीप्रमाणे, शाळेचं काहीतरी विचारत, पटर पुढे केला. डावा हात पुढे आला.

तिने घेतला आणि उलट्या बाजूने उभी राहिली, इतकी सहज. मी काही बोलायच्या आत गुलाब पुढे झाला. तिच्या खांद्यांना धरून त्याने तिला फिरवलं, दुसऱ्या बाजूने उभं केलं. हळूच, मायेने. म्हणाला, बेटा, इथे तसं चालत नाही, नियम आहे. आणि माझ्याकडे बघून हसला, जुन्या ओळखीचं हसू. तिने मारला. चुकला. पुन्हा आपसूक उलटी फिरली. पुन्हा त्याने खांदे धरले. ती वैतागली, "लेकिन क्यूँ, पप्पा?" म्हणाली. तो म्हणाला, मलाही फार वाटायचं, पण काकांनी मला वेळेवर सांगितलं म्हणून वाचलो, नाहीतर बाद झालो असतो सगळ्यांसमोर.

मी तिथे उभा होतो. मी केलेला नियम आता तिच्या खांद्यांवर होता. मला वाटलं, झालं, आता सांगायचंच. बाकीची पोरं पलीकडे मारतायत, इथे आम्ही तिघंच, सकाळ आहे, सांगून टाक सुभाष. शब्दही तयार होते. गुलाब, तो नियम नव्हता. चार शब्द.

मी म्हणालो, "गुलाब, तो नियम आता बदललाय."

हो. असं म्हणालो. वर पुरावाही दिला — पूर्वी ग्रीनवरून मारताना होलातला झेंडा काढावाच लागायचा, आता नाही काढला तरी चालतो, तसाच हाही सैल केला म्हणालो. झेंड्याचं खरं आहे. खऱ्याला खोटं चिकटवून दिलं की किती घट्ट बसतं. पोरीच्या डोळ्यांत चमक आली. आणि गुलाब? त्याने क्षणभर खाली पाहिलं. मी घाबरलो. मग तो हसला आणि म्हणाला, "बरं व्हयनं, दादा. हिना टाइमले तरी बदलना." बरं झालं. हिच्या वेळेला तरी बदलला.

त्या आठवड्यात मी माळ्यावरून तो पटर काढला. दोन तोंडांचा. इतकी वर्षं जुन्या साडीत गुंडाळून ठेवला होता. टाकवत नव्हता आणि बघवतही नव्हता. पोरीच्या उंचीएवढी दांडी कापली, नवी मूठ चढवली. पुढच्या सोमवारी तिच्या हातात दिला. लांबी बरोबर, वजन बरोबर, डोळे बॉलच्या बरोबर वर. माझ्या हातून कुणाला इतका योग्य पटर दिला गेला नसेल. गुलाबने तो लगेच ओळखला. पात्यावरून अंगठा फिरवला, अगदी तसाच. इतकी वर्षं तू सांभाळून ठेवलास, म्हणाला. माझ्यासाठी? आणि पोरीला म्हणाला, "काकास्ना पाया पड."

ती माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ठेवला, काय करू? पाय मागे घ्यायचं सुचलं नाही.

आता ते दर सोमवारी येतात. पोरगी खेळते आहे, चांगली खेळते आहे. बाप ग्रीनच्या कडेला उकिडवा बसतो, झोपेने डोळे लाल, आणि तिचा बॉल आत गेला की त्याचा डावा हात गुडघ्यावर आपोआप हलतो.

परवा पाणी पिता पिता तिने मधेच विचारलं की तो जुना नियम होता, तो असा वेडा नियम केला तरी कुणी? बापाला नाही सांगता आलं. ती म्हणाली, थांबा, मोबाइलवर बघते. गुलाब म्हणाला, मोबाइल कशाला, "दादाले इचार. त्यास्ले बठ्ठा नियम पाठ शेतस." दादाला विचार, त्यांना सगळे नियम पाठ आहेत.

मग तिने मला विचारलं. "काका, कुणी केला होता?"

"विलायतेत," मी म्हणालो. "फार जुना होता."

ती "अच्छा" म्हणाली, बाटलीचं झाकण लावलं आणि उठून ग्रीनवर गेली. आपल्या बाजूने उभी राहिली. बॉल गेला. गुलाबने टाळी वाजवली.

असा नियम कधीच नव्हता. तो मी केला होता, शेडमागे बसून, त्या एका माणसासाठी. त्याला ते अजून माहीत नाही.